मुक्या कंडक्टरची बस

एका कंडक्टरला भाषेवरून मारल्याची बातमी आली, त्या सकाळी आमच्या मुख्याध्यापकांनी बजावलं, "वर्गात हा विषय काढायचा नाही. पोरं लहान आहेत." मला ते पटलं नाही, पण पोरांना नेमकं काय सांगायचं, हेही सुचत नव्हतं.

निपाणीजवळच्या आमच्या मराठी शाळेत मधल्या सुट्टीत मुली बस-बस खेळतात. इथल्या खऱ्या कंडक्टरसारखं कानडी-मराठी एका दमात ओरडतात, "मुंद होग्री, पुढं सरका!" त्यांना ते एकच वाक्य वाटतं.

त्या दिवशी एकमेकींचे फ्रॉक धरून बस निघाली, पण ओरडा ऐकू येईना. कंडक्टर झालेली तिसरीतली मुलगी नुसत्या हातवाऱ्यांनी सगळ्यांना पुढं सरकवत होती.

"आज ओरडत का न्हाईस गं?" मी विचारलं.

"कुठल्याबी भाषेत बोललं तरी मारत्यात, बाई. म्हणून आमचा कंडक्टर मुका हाय."

म्हणे, विषय काढायचा नाही!

घंटा झाल्यावर मी फळ्यावर 'मुंद होग्री, पुढं सरका!' हे वाक्य लिहिलं आणि अख्ख्या वर्गाला म्हणायला लावलं. मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं.