बुडाशी चीर

१९३८ साली मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. आज सुनेच्या हातून तव्यावर ज्वारीचं पीठ जळालं अन् त्या वासानं मले आमच्या रिठदच्या वावरात नेलं.

डुकरं उभी ज्वारी लोळवत होती, अन् बाबांच्या जुन्या रायफलीची काडतुसं मिळणं बंद झालं होतं. म्हणून मी दुसऱ्या रायफलीची रिकामी पितळी काडतुसं आणली. त्यात थोडी बंदुकीची दारू अन् वर ज्वारीचं पीठ भरायचं. गोळी न घालता आभाळाकडं बार काढला की पितळ फुगून आमच्या रायफलीच्या मापाचं होई, मग डुकरांसाठी त्यात गोळी भरता येई. जळक्या पिठाचा धूर करपल्या भाकरीसारखा वास मारे.

धाकटा भाऊ नामा एक काडतूस उन्हात फिरवून पाहत होता.

"दादा, याच्या बुडाशी चीर आहे."

"ओरखडा आहे तो. चार बुकं शिकला तं मलेच शिकवून राह्यला काय बे?"

"फुटलं मंजे?"

मी तेच भरून रायफल त्याच्या हाती दिली. "भेतं काय? काढ बार."

"बरं बाप्पा, तूच लाटसाहेब," म्हणून तो हसला, अन् माझ्या शब्दाखातर त्यानं बार काढला. पितळ फाटलं. आग मागं येऊन त्याच्या उजव्या डोळ्यात गेली.

नामाले जाऊन आता बारा वर्षं झाली. त्यानं मले कधी एका शब्दानं विचारलं नाही.

काडतूस फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाशीमच्या दवाखान्यात बाबांनी विचारलं, "ते काडतूस कोणी भरलं?" नामा पट्टी बांधून समोरच पडला होता. मी म्हणालो, "यानंच."