मनोहररावांचं सारवण

आमच्या प्रताप नगरातला मधुसूदन खोटं बोलला की डाव्या कानाची पाळी ओढतो. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यापासून ती पाळी चांगलीच लांबली, असं मी त्याच्या बायकोला, प्रेमिलाला म्हटलं. ती हसली नाही.

मधुसूदन रामदासपेठेतल्या एका कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचा. तिथली लायब्ररी त्याच्या ताब्यात. मी बापडी त्याच्याकडे कादंबरी मागायला गेले, तेव्हा कळलं की ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे; एकदा लिहून सगळ्यांनी वापरायच्या, सी भाषेतल्या फंक्शनांची, म्हणजे प्रोग्रामच्या तयार तुकड्यांची. त्यातलं एक ‘सारवण’. ते लिहिलं होतं त्याच कंपनीतल्या, शेजारच्या मनोहररावांनी, आणि मधुसूदनला हाताला धरून शिकवलं तेही त्यांनीच. कॉम्प्युटरच्या मेमरीत आधीच्या कामाचा कचरा उरतो, मग आजीबाईचं वय तीन वर्षं छापून येतं. सारवण ती जागा आधी शून्यांनी सारवून घ्यायचं.

मनोहरराव रिटायर झाले, तरी संध्याकाळी फाटकाशी उभे. मधुसूदनची स्कूटर दिसली की ठरलेला प्रश्न.

"काय गा, माझं सारवण आहे नं?"

"आहे नं काका." आणि हात कानाला.

खरं असं की, त्या उन्हाळ्यात कंपनीत आलेली नवी लायब्ररी मेमरी कोरी करूनच हातात देत होती. सारवण सारवलेल्यावरच पुन्हा सारवत बसायचं, काम रखडायचं. मधुसूदननं ते आतून रिकामं केलं. जुने प्रोग्राम त्याला हाक मारत, ते अडू नयेत म्हणून नाव तेवढं ठेवलं. म्हणजे ‘आहे’ हे धड खोटंही नव्हतं.

"वकील काहून नाही झाला गा तू?" त्यानं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं.

"चिडवू नका, वहिनी. मले त्यांच्या घरचा चहा गिळवत नाही."

पुढल्या वर्षी दसऱ्याला तो मनोहररावांकडे सोनं द्यायला गेला. मी होतेच, अशा वेळी मी असतेच. आपट्याची पानं त्यांच्या हातात देऊन तो पायाशी वाकला, तो वाकलेलाच राहिला.

"काका, सारवण बंद केलं मी. नाव आहे, आत काही नाही."

मनोहररावांनी पानं चाळवली. "काहून?"

"जमीन आता फरशीची झाली, काका."

"मग काढाचंच होतं. मीही काढलं असतं." ते हसले. "पाटीवर नाव, आत काम नाही. माझ्यासारखंच झालं म्हण नं!"

त्यांच्या पत्नी गोपिकाकाकू हसल्या, मीही हसले. मधुसूदनचं तोंड हसण्यासाठी उघडत होतं, तेवढ्यात मनोहररावांनी विचारलं, "केव्हा काढलं?"

"मागच्या उन्हाळ्यात."

"अन् मी तुले रोज विचारून राहिलो होतो गा."



दुसऱ्या संध्याकाळी मनोहरराव फाटकाशी होतेच. "आला का गा?" म्हणाले. संत्री यंदा आंबट निघाली म्हणाले. सारवणाचं नाव नाही. तेव्हापासून रोज असंच. बोलणं संपतं, ते आत जातात, आणि मधुसूदन स्कूटर बंद करून फाटकाशी उभाच. परत येऊन विचारतील म्हणून.