जमिनीवरच होतं

"साहेब गेले," फोनवर सलीमभाई म्हणाले, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "कुठं?" ते म्हणाले, "घरीच, नांदेडला. झोपेत. विमान शेडमधीच हाय. तुम्हाला तेच विचारायचं होतं ना?" तेच विचारायचं होतं. विंग कमांडर माधव सोनटक्के माझा शाळेपासूनचा मित्र. गेल्या हिवाळ्यापासून मला त्याच्याबद्दल एक संशय होता. त्याला जाऊन काही आठवडे झाले, संशय तिथेच आहे.

निवृत्तीनंतर तो नांदेडला परतला आणि भंगारात निघालेलं एक टायगर मॉथ विमान त्यानं मिळवलं. वरखाली पंखांच्या दोन जोड्या, त्यांवर कापड. हवाई दलातले जुने वैमानिक असल्या विमानावर शिकले. लातूर आणि देवणीच्या मधे एका बंद कारखान्याची मुरमाची धावपट्टी आणि शेड त्याला वापरायला मिळाली. नांदेडात गाड्यांची सीट कव्हरं शिवणारे सलीमभाई पंखांचं कापड शिवायला म्हणून आले आणि राहिले. भांडण रोजचं होतं. "सलीम, पंख आहे हा, सोफा नाही." "सोफ्यावर माणसं बसतात साहेब, त्याची शिलाई जास्त पक्की लागते."

बऱ्याच वर्षांनी इंजिन सुरू करून विमान जमिनीवर चालवायची परवानगी आली. उडवायची नव्हती, ती तपासणीनंतर. त्याआधी उडालं तर विमानाला सील लागेल, असं त्याला बजावलेलं होतं. आणि तपासणीनंतरही ते उडवणार होता दुसराच, तरुण वैमानिक. माधवच्या हृदयात दोष निघाला होता, वैद्यकीय चाचणीत तो नापास झाला होता. हे त्यानं मला हसत सांगितलं. त्या हसण्यावर माझा विश्वास बसला नाही. पुढे कित्येक महिने तो त्या चाचणीबद्दल कुरकुरत राहिला.

मग एका दुपारी देवणीकडचे एक पशुपालक आमच्या पेपरच्या कार्यालयात आले. "सकाळी इमान आलं. पंखावर पंख असलेलं, लई खाली. आमचा वळू दावं तोडून पळाला. नुकसान न्हाई झालं. पण आतल्या माणसानं हात केला वो, वळखीचा असल्यावानी."

मी तडक धावपट्टीवर गेलो. सलीमभाई बाभळीची फांदी ओढत मुरूम सारखा करत होते. "कुत्र्यांनी उकरलं," मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले. टायगर मॉथच्या शेपटीखाली चाक नसतं, लोखंडी पट्टी असते. ती जमिनीवर रेघ ओढत जाते. फांदी फिरायची राहिली होती तिथं ती रेघ मधेच संपत होती. माधव शेडमध्ये चहा पीत बसला होता. मी त्या रेघेचं विचारलं.

"वेग घेतला की शेपटी उचलते," तो म्हणाला. "चाकं जमिनीवरच असतात."

"आणि पुढं?"

"पुढं इंजिन बंद केलं."

"मग वळू कशाला बिथरला?"

"त्याची मुलाखत घेतलीस का, रिपोर्टर?"

चाकांच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या. एका माणसाच्या सांगण्यावर बातमी होत नाही, झाली नाही. त्यानंतर भेटलो की मी विचारायचो आणि तो म्हणायचा, "जमिनीवरच होतं." एवढं मात्र नोंदवायला हवं, की त्या सकाळनंतर वैद्यकीय चाचणीचा विषय त्यानं पुन्हा कधी काढला नाही.

गेल्या आठवड्यात शेडवर गेलो. तपासणी अजून व्हायची आहे. सलीमभाई पंखाखाली बसून कापडाची कड दाबत होते. "साहेबांचं झालं," ते म्हणाले, "आता विमानाचं तेवढं राहिलं." टायगर मॉथ एकट्यानं चालवायचं तर मागच्या आसनावर बसतात. त्या आसनाचे पट्टे माधवच्या मापाला ओढलेले होते, ते कुणी सैल केले नव्हते. मी हात लावणार तोच सलीमभाई म्हणाले, "राहू द्या तसेच."

मी आत वाकलेलाच होतो. विचारलं, "सलीमभाई, आता तरी सांगा. उडालं होतं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही अजून पेपरातच हाव?"

"हो."

"मग न्हाई उडालं," ते म्हणाले, आणि पुन्हा कापडाची कड दाबू लागले.