सात क्रमांकाची दोन दारे

तोर्रेसेका गावाच्या टेकडीवर जे जुने चर्च आहे, त्याच्या दारावर एक पत्र्याची पाटी लावलेली आहे: ‘किल्ली सात क्रमांकाच्या घरी मिळेल.’ सात क्रमांकाची दारे प्रत्यक्षात दोन आहेत, हे पाटी लावणाऱ्यांना ठाऊक होते. परंतु किल्ली म्हणजे बासिलिसा, हे गावात प्रत्येकाला इतके पक्के माहीत होते की अधिक खुलासा करण्याची आवश्यकता कोणालाही वाटली नाही.

ही दोन दारे एकाच घराची. वडील वारल्यावर बासिलिसा आणि तिची थोरली बहीण कासिल्दा यांनी घराची वाटणी केली व स्वयंपाकघराच्या मधोमध एका विटेच्या जाडीची भिंत घातली. नगरपालिकेने एकीला ‘सात’ आणि दुसरीला ‘सात, दुसरे’ असा क्रमांक देऊ केला. ‘दुसरे’ होण्यास दोघींपैकी एकही तयार झाली नाही, म्हणून दोन्ही दारांवर ‘सात’च राहिला. दोघींमधील अबोल्याचे खरे कारण मात्र घर नव्हते. आईने आजारपणात चर्चची किल्ली थोरलीला डावलून धाकटीच्या हाती दिली होती.

बासिलिसा विधवा होती आणि तिला मूलबाळ नव्हते. गाव ओस पडत गेले, तसे तिच्याशी बोलणारे पाहुणेच काय ते उरले. किल्ली मागण्यासाठी कोणी दार ठोठावले की ती केस ओल्या हाताने सारखे करी, शाल घेई आणि टेकडी चढू लागे. आतील भिंतीवर बायबलमधील योना या संदेष्ट्याला गिळणाऱ्या माशाचे जुने चित्र आहे. त्या माशाला माणसासारखे दात आहेत. “चित्रकाराने समुद्र पाहिलाच नव्हता हो,” ती सांगे. “आमचं खेचर समोर उभं केलं आणि कानांच्या जागी कल्ले काढले!” पाहुणे हसत. त्या हसण्यावर तिचा हिवाळा निघे.

मे महिन्यातील सणाच्या आदल्या दिवशी वयादोलिद शहराहून एक जोडपे आले. बासिलिसाने त्यांना चर्च दाखवले. त्यांना आणखी थोडा वेळ आत बसायचे होते. किल्लीसाठी तारण मागणे हा आमच्याकडे पाहुण्याचा अपमान समजला जातो. तिने किल्ली त्यांच्या स्वाधीन केली आणि पाववाल्याच्या गाडीचा भोंगा ऐकून ती चौकात गेली. परत येऊन बसते तोच भिंतीपलीकडे लोखंड फरशीवर घासल्याचा आवाज तिने ऐकला. तो आवाज ओळखण्यात ती कशी चुकेल? मांजरासाठी दाराखाली ठेवलेल्या भोकातून जोडप्याने किल्ली आत सरकवली होती. फक्त ते दार सात क्रमांकाचे दुसरे, कासिल्दाचे होते.

मी गावचा शाळामास्तर आणि सणाला चर्चमधील मातेची मूर्ती मिरवणाऱ्या मंडळाचा चिटणीस. ती धावत माझ्याकडे आली.

“मास्तर, तुम्ही मागा ना. तुम्हाला ती नाही म्हणायची नाही.”

“देईलही. पण मग उद्या ती माझ्या हातून द्यावी लागेल, आणि वर्षभर मलाच सांभाळावी लागेल. नियम तुला ठाऊक आहे.”

नियम तिला ठाऊक होता. सणाच्या सकाळी, चर्चच्या बंद दारासमोर, साऱ्या गावादेखत किल्ली मंडळाच्या प्रमुखाला द्यायची; दार उघडून तो ती ज्या हातातून आली त्याच हातात परत ठेवतो. तो हात पुढील सणापर्यंत किल्लीचा धनी.

मी तिच्याबरोबर गेलो. तिने दोनदा हात उचलला व खाली घेतला. मग ठोठावले.

“कासिल्दा.”

आत खुर्ची सरकली. “कोण?”

“मी.”

“मी म्हणजे? ज्या घरात बहीण नाही तिथे असं ‘मी’ म्हणून चालत नाही, बाई.”

“किल्ली दे गं. उद्या सण आहे.”

“माहितेय. स्कर्टला इस्त्रीसुद्धा करून ठेवलीय.”

“हात जोडते तुला. माझ्याकडे दुसरं आहे काय?”

“हात कशाला जोडतेस? एवढंच म्हण, आईने चूक केली. मोठ्याने म्हण. मास्तर आलेत ना सोबत? त्यांनाही ऐकू जाऊ दे.”

बासिलिसाने कपाळ दाराला टेकले. तिचे ओठ हलले. ती म्हणाली, “आई शुद्धीवर होती, कासिल्दा.”

“मग जा, आईकडेच माग.”

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हातांनी दारासमोर उभी राहिली. प्रमुख लाउरो याने तळहात पुढे केला. “काय गं बासिलिसा, आज किल्ली झोपलीय का?” लोक हसले. तेवढ्यात इस्त्रीचा स्कर्ट घातलेली कासिल्दा गर्दीतून पुढे आली आणि तिने किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

“उघडा. मातेला उन्हात काढू नका उशिरा.”

लाउरोने माझ्याकडे पाहिले. “मास्तर, नियम काय?”

“ज्या हातातून आली, त्याच हातात,” मी म्हणालो. दुसरे उत्तर नव्हते.

कुलूप अडले. लाउरो घामाघूम झाला. तेव्हा मागून बासिलिसाचा बारीक आवाज आला, “जरा वर उचलून धरा, मग फिरवा.” दार उघडले.

त्यानंतर कासिल्दा मनात आले तर दार उघडी, नाहीतर पाहुणे परत जात. गल्लीत अनोळखी पावले वाजली की बासिलिसा उठे, केस सारखे करी, आणि शेजारचे दार वाजल्यावर पुन्हा बसे. सणानंतर ती टेकडी चढली नाही. दुसरीच्या मागोमाग आत जाणे तिला शक्य नव्हते. मी एकदा आग्रह केला. “मास्तर,” ती म्हणाली, “मला काय पाहुणी करता?”

ऑक्टोबरमध्ये ते वयादोलिदचे जोडपे पुन्हा आले. या वेळी त्यांनी योग्य दार ठोठावले. मी तिच्याकडेच बसलो होतो. त्यांच्या हातात मिठाईचा खोका होता.

“ओळखलंत का आम्हाला? त्या दिवशी तुम्ही घरी नव्हता. किल्ली नीट आत सरकवून ठेवली होती. मिळाली ना?”

मी बोलण्यासाठी तोंड उघडले. तिने माझ्या दंडावर हात ठेवला.

“मिळाली ना. फार आभार.”

“मग आज पुन्हा दाखवाल? हिला तो मासा पाहायचाय.”

बासिलिसाने नकळत केसांवरून हात फिरवला. “आज बंद आहे,” ती म्हणाली. “मासा आहे तसाच आहे, बरं का. दात अजून पडले नाहीत त्याचे.”

ते हसले. त्यांची पावले चौकापलीकडे विरेपर्यंत ती दारात उभी होती. मग तिने दार लावले, आणि आपल्या दाराखालच्या मांजराच्या भोकालाही आतून फळी टेकवून ठेवली.