लाईन गेल्यावरची गोष्ट

आमच्या टाकळझरीत अशी बोलवा आहे की बबनराव उरकुड्यांचा आवाज मी चोरला.

कोणाच्याही तोंडून ऐका, हकिकत एकच. उरकुड्यांची नक्कल करता करता त्या पोट्टीनं एक दिवस त्यांचा सूर असा धरला की परत सोडलाच नाही. इकडं पोट्टीच्या गळ्यात बबनराव, तिकडं बबनरावाच्या गळ्यात नुसती हवा. अंगणवाडीच्या विमलताई तर लेकरांना बजावतात, "अर्पितासमोर जास्त बोलू नका रे, आवाज घेऊन जाईन थे." आणि फाट्यावरचा पानठेलेवाला मला पाहिलं की खुणेनंच बोलतो.

आता खरं सांगते. नक्कल मी सगळ्यांचीच करते. मारेगावच्या गाडीचा कंडक्टर, आमचे हेडमास्तर, बापूजींचा दोन टप्प्यांतला खोकला. कापसाचा भाव पडला त्या सालात टीव्हीचा कॅमेरा घेऊन येणाऱ्या मॅडमही मला येतात: "आज हे गाव... शांत आहे." गाव शांत नसायचंच, दुपारची झोप काढत असायचं. पण त्या येतानाच चेहरा पाडून यायच्या, मग त्यांना तेच दिसायचं. एवढे आवाज मी घेतले, एकाचाही माणूस मुका झाला नाही.

बबनकाकांचा आवाज काढला तो नागपूरच्या डॉक्टरनं, ऑपरेशन करून. काका सोळा वर्षं वणीला एका जिनिंगमध्ये कामाला होते. तिथं दिवसभर हवेत कापसाची रुई. बोलायला तोंड उघडलं की शब्द बाहेर जातो अन् रुई आत येते. गळ्यात गाठ झाली ती रुईनं, की जन्मभर उंच पट्टीत खंजेरीवर भजनं म्हटल्यानं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. गाठ गेली. मागं एक फसफस राहिली, सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तशी.

दुसऱ्या कोणाचं एवढं काही बिघडलं नसतं. पण बबनकाका गोष्टवाले. पौषातल्या सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या आधी, ते मारुतीच्या पारावर उभे राहून एक गोष्ट गायचे. पोथीतली नाही, स्वतःची. वर्षभर कधी वावरात, कधी निजेत सुचलेली. पुढच्या पोळ्यापर्यंत गाव ती म्हणत राहायचं. वर्षातला तेवढा पाऊण तास म्हणजे बबनकाका. बाकीचे दिवस ते चार एकरवाले उरकुडे, आणि तसे उरकुडे गावात अकरा आहेत.

सप्ताह कमिटीचे बापूजी त्यांना म्हणाले, "बबन, वाईट नको वाटून घेऊ बाबू. पण गोष्ट सांगाले तोंड लागते. यंदा आपण कॅसेट लावू."

काकांनी काहीतरी फसफसलं. बापूजींनी कानामागं हात धरला. "काय म्हणते?"

भागीरथाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, नवऱ्याचं भाषांतर केलं, "म्हणून राह्यले, यंदाची गोष्ट तयार आहे. एक डाव उभं राहू द्या. जमलं नाही तं खंजेरी देवळात टांगून देतो, मंग लावा कॅसेटी."

ठरलं. आणि संध्याकाळी काका आमच्या दारात.

त्या हिवाळ्यात कापसाला भाव नव्हता, खरेदी केंद्रावर गाड्यांचा नंबर लागत नव्हता, म्हणून कापूस घरातच होता. आमच्या पुढच्या खोलीत वर बसलं की आढ्याला हात लागेल एवढी गंजी, आणि आम्ही सगळे तिच्यावर झोपायचो. अंगाला खाज सुटायची, पण झोप अशी लागायची की खाली जमीन आहे हे सकाळी पुन्हा शिकावं लागे. घरोघर हेच. सगळ्या गावाला उडायची स्वप्नं पडत होती. हेडमास्तरांनाही पडलं, त्यांनी ते वर्गात सांगितलं आणि नंतर आमच्यावरच रागावले.

काकांची गोष्ट त्याच गंजीतून आली होती. गंजीच्या पायथ्याशी बसून त्यांनी ती मला ऐकवली, म्हणजे ओठांवरून वाचायला लावली:

म्हातारी निजली गंजीवर,
निजेत गेली वावरात,
पऱ्हाटी समजून ढग वेचला,
बांधून आणला पदरात.

पुढं म्हातारी ढगाचं गठोडं डोक्यावर घेऊन घरी येते, गाठ सोडते, ढग घरात बरसतो, कापूस भिजतो. आणि ती जागी होऊन पाहते तर पोटाशी पाण्याचा गडगा उपडा झालेला. इथं लोकांनी हसायचं.

"माह्या आवाजात म्हणशीन?" काकांनी विचारलं.

मी लगेच म्हणून दाखवलं. त्यांचा सूर वरचा, आणि शेवटच्या अक्षरावर पाय घसरल्यासारखा जरा खाली यायचा, तोही मी घसरवला. माझी आई आतून धावत आली, "बबनभाऊंचा आवाज परत आला का काय!" काका माझ्याकडं पाहत होते. आपलाच शर्ट दुसऱ्याच्या दोरीवर वाळताना दिसावा, तसे.

मग तालीम. देवळामागच्या कोठीत मी माइक धरून लपायचं, भोंगा पारावर, आणि काकांनी ओठ हलवत नाचायचं. ही लबाडीच होती. पण लबाडी करायला मला फार आवडतं, आणि काकांना दुसरा रस्ता नव्हता.

भांडण लागलं ते नाचावरून. काका खंजेरीवर पावली टाकायचे, हातानं बोंड वेचायचे, ढग चाचपायचे, आणि कितीतरी वेळ. मला पुढची ओळ घ्यायची घाई.

"काकाजी, एवढं कायले नाचता? मी 'वेचला' म्हटलं की वेचला. समजलं लोकांले."

फसफस. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. "तू सांगते ते त्यायले समजते. मी करतो ते त्यायले आठोते."

"काय आठोते?"

"मले काय माहीत! ज्याचं त्याले."

"नाच म्हणजे वरून घातलेला सांभार आहे काकाजी," मी म्हटलं; सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. "भाजी म्हणजे गाणं. माहा आवाज बंद झाला तं दोन मिनिटांत लोक इचारतीन, मंग काय झालं? म्हातारीचं काय झालं?"

काकांचे डोळे बारीक झाले. खंजेरी बाजूला ठेवून त्यांनी तळहात पुढं केला. पैज.

कलम असं ठरलं: गोष्टीत कुठंतरी गाणं थांबलं आणि नाच संपल्यावर एकानं जरी "मंग काय झालं?" विचारलं, तर मी जिंकले, आणि काकांनी शाळेच्या फाटकासमोर मला वाकून रामराम करायचा. कोणीच विचारलं नाही, तर मी दिवसभर त्यांच्या वावरात कापूस वेचायचा, तोंडातून कोणाचाही आवाज न काढता. माझा स्वतःचाही नाही.

"हे मरून जाईन," भागीरथाकाकू म्हणाल्या. "दिवसभर गप! त्यापेक्षा हिले विहिरीत ढकला."

पण गाणं थांबणार कशाला होतं? मी काही थांबवणार नव्हते. पैज मी हसत हसत लावली.

काल्याचा दिवस. लाईन, म्हणजे वीज, रोज बाराला जायची, आणि गोष्ट साडेदहाला सुरू होणार होती, म्हणजे भरपूर वेळ. काकांनी काय केलं, तर खंजेरी शेकायला घेतली. कातडं ताणलं जावं म्हणून शेकोटीवर धरायची, टिचकी मारून पाहायची, पुन्हा धरायची. सव्वाअकरा वाजले तरी खंजेरी शेकणं चालूच. बापूजी दोनदा खोकले, दोन्ही टप्प्यांत.

मग सुरू झालं. मी कोठीत, पत्रावळींच्या गठ्ठ्यावर बसलेली, समोर खिडकीची जाळी आणि जाळीत पार. भोंग्यातून बबनकाका गाऊ लागले आणि लोकांच्या तोंडून एकदम हवा सुटली. एकानं तर पायातली चप्पल काढून मारुतीला हात जोडले. गाणं कसं असतं ते मी त्या दिवशी जाळीतून पाहिलं: "निजेत गेली वावरात" म्हटलं की तीनशे माना एकदम हलल्या, "ढग वेचला" म्हटलं की तीनशे तोंडं एकाच वेळी हसली. एका दोरीनं सगळा बाजार ओढावा तसं. मला मोठी मजा वाटली.

म्हातारीच्या डोक्यावर गठोडं चढलं, आणि लाईन गेली.

बारा वाजायला वीस मिनिटं होती. भोंगा टक् करून मेला. भोंग्याच्या सेटवाल्याची बॅटरी त्या दिवशी कोणाच्या लग्नात होती. मी तोंड उघडलं असतं तर आवाज पारावरून नाही, कोठीतून आला असता. मी तोंड मिटलं.

काकांनी कोठीकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी ओठ हलवायचे थांबवले. खंजेरी कमरेला खोचली. आता फक्त पाय, आणि पाराच्या फरशीवर त्यांचा तो बारीक घसरता आवाज.

आणि मग ते ज्या तऱ्हेनं चालले, तसं मी कोणाला जागेपणी चालताना पाहिलं नाही. डोक्यावर काहीच नव्हतं आणि मान त्याच्या वजनानं हलत होती. देवळामागं कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, त्यांतली रुई वाऱ्यानं सगळ्या पारावर तरंगत होती. काकांनी हवेतून काही वेचलं की ते खरंच हातात यायचं. ऊन पांढरं झालं होतं. पायरीपाशी ते थांबले, एक पाय खाली, एक वर, डोक्यावरचं सांभाळत. इतका वेळ थांबले की मला वाटलं आम्ही सगळे अजून गंजीवर झोपलो आहोत आणि कोणीतरी एकानं हे स्वप्न सगळ्यांना वाटून दिलं आहे. आता गाठ सोडतील, आता ढग बरसेल, आता हसायचं. त्यांनी गाठ सोडलीच नाही. गठोडं डोक्यावरून उतरवलं, छातीशी घेतलं, त्याच्यावर एकदा फुंकर घातली, आणि ते जागं होऊ नये अशा पावलांनी पाराच्या मागं निघून गेले.

कोणी हसलं नाही. मी जाळीला कान लावला. विचारा ना. मंग काय झालं? एकानं तरी विचारा.

विमलताईंनी डोळ्यांना पदर लावला. "निजलेलं लेकरू होतं थे," त्या म्हणाल्या. "त्यानं फुंकर घातली न, तवाच समजलं मले."

"लेकरू कायचं ताई?" तांड्यावरचे खेमसिंग, ज्यांची बैलगाडी होती, ते तडकले. "वासरू होतं. मान पाहिली नाही का त्याची? माहा पवळ्या असाच आणलता मी नाल्यातून, जन्मला तवा."

"वासरू कोणी डोक्यावर घेते का?"

"तुम्ही लेकरू घेता का डोक्यावर?"

मागून एक म्हातारी म्हणाली, मायच्या घरून निघताना बांधून दिलेली शिदोरी होती ती. तिला कोणी सुधारलंच नाही. एका पोरानं ठासून सांगितलं, टीव्ही होता. एवढ्यात एक शहाणा उभा राहिला, "अरे, ढग होता तो! गाण्यात सांगतलं न आत्ता!" तेव्हा सगळे त्याच्याकडं असे पाहू लागले, जणू तो गोष्टीत नव्हताच. काल्याचा प्रसाद हातात वाळत चालला आणि भांडण थांबेना. प्रत्येकाला शेवट माहीत होता. विचारायचं कोणाला काहीच नव्हतं.

विमलताई पत्रावळी घ्यायला कोठीत आल्या आणि मी माइकसकट सापडले. आवाज चोरल्याची बोलवा तिथून निघाली.

बाहेर काका बापूजींसमोर उभे होते, दोन्ही हातांत खंजेरी, देवळात टांगायची की घरी न्यायची हे ऐकायला. घामानं भिजलेले. बापूजी बराच वेळ नुसते खोकले.

"आवाज पोट्टीचा होता हे मले पहिल्याच ओळीले समजलं," ते शेवटी म्हणाले. "तुहा सूर इतका सरळ कधीच नव्हता बबन." काकांची मान खाली गेली. "पुढच्या सालापासून भोंगा नको. कॅसेट नको. तू ये फक्त." मग जरा जवळ सरकून, हळूच, "आमच्या बाबाचं धोतर होतं न रे थे? दवाखान्यातून आणलेलं?"

काकांनी मान हलवली. हो अशी की नाही अशी, मला जाळीतून नीट दिसलं नाही. बापूजींना दिसलं असावं.

तिसऱ्या दिवशी मी पैज फेडायला वावरात गेले. कमरेला फडकं बांधलं, पऱ्हाटीची ओळ धरली, आणि तोंड बंद. पहिल्या तासात माझ्या आत कंडक्टर ओरडला, हेडमास्तर रागावले, कॅमेऱ्यावाल्या मॅडम "हे वावर शांत आहे" म्हणाल्या. सगळे आतल्या आतच. भागीरथाकाकू मुद्दाम समोरून जाऊन विचारायच्या, "अर्पिता, वाजले किती वं?" मी बोटं दाखवायची.

दुपारी बांधावर भाकरी सोडली तेव्हा काकांनी खंजेरीच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढं धरला. लायनमनच्या अक्षरात लोडशेडिंगचा नवा टाइम होता. काल्याच्या दिवसापासून बदललेला: बाराच्या ऐवजी अकरा चाळीस.

म्हणजे ती खंजेरी. ते शेकणं. तो सव्वाअकरापर्यंतचा उशीर!

माझ्या गळ्याशी बापूजींच्या आवाजातली खास शिवी आली. दिवस मावळायला चार तास होते. मी शिवी गिळली, भाकरी खाली ठेवली, उठले, आणि दोन्ही हातांनी, मान, खांदे, पाय, होतं नव्हतं ते सगळं लावून, बांधावर उभ्यानं काकांना ती शिवी दिली. त्यांच्या अकरा उरकुड्यांसकट.

काका पोट धरून बिनआवाजाचे हसत होते.

"काय म्हणते थे?" काकूंनी विचारलं.

"समजलं मले," काका फसफसले, "सांगण्यासारखं नाही." आणि मला ओळ दाखवली.