अठ्ठावीस फुटांची शिडी

अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांत आमची तुकडी अकोल्याहून अमरावतीला हलवली गेली. काम लढाईचं नव्हतं. कापसाच्या बाजाराला पहारा द्यायचा होता. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ती कुऱ्हाड कशी असते ते तिथे पाहिलं. गाड्यांच्या रांगा नाक्याबाहेर जायच्या. व्यापारी एकमेकांशी भावाखेरीज काही बोलत नसत. कापूस ठेवायला जागा उरली नव्हती; लोक घराच्या ओटीवर, देवळाच्या पडवीत, जिथे मिळेल तिथे ओतत होते.

आमची गार्ड एका पेढीच्या दुमजली गोदामावर होती. खाली कापूस, मधल्या मजल्यावर कापूस आणि वर सपाट गच्ची. गच्चीवर गावातल्या बाया बसून कापसातला काडीकचरा वेचायच्या. जिना एकच, तोही आतून, लाकडी.

गार्डचा नाईक होता संपत. मोर्शीकडचा, बागाईत करणाऱ्या माळ्याचा मुलगा. आमच्याकडे येण्याआधी तो सॅपर कंपनीत, म्हणजे सुरुंग-खंदकवाल्या पलटणीत होता. किल्ल्याच्या भिंतीला शिडी लावायचं शिक्षण त्याने तिथे घेतलं होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने गच्चीवरून दगड बांधून दोरी सोडली. कठड्यापासून जमिनीपर्यंत चोवीस फूट भरले. गार्डजवळ बांबूची एकच शिडी होती, दोन तुकडे मधोमध सुंभाच्या दोरीने जोडलेली, अठ्ठावीस फुटांची.

"पुरते," तो म्हणाला.

"कशावरून?" मी विचारलं. मला शाळेचं तोंड माहीत नव्हतं, पण वाद घालायची खोड होती.

त्याने पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या झाडाच्या, तीन सारख्या काड्या तोडल्या आणि मातीत त्रिकोण मांडला. मग वरच्या टोकापासून बरोबर मधोमध एक काडी उभी केली.

"हे पाह्य. तिन्ही बाजू सारख्या. मधात भितीवानी काडी उभी केली त खालची बाजू निम्मी झाली. तिरपी काडी म्हंजे शिडी. मंग शिडीचा पाय भितीपासून कितीवर?"

"शिडीच्या निम्म्यावर."

"चौदा फुटांवर. आन् वर किती येते? निम्म्याच्या पावणेदोनपट, जराशी कमी. सव्वाचोवीस. भित चोवीस. झालं."

नंतर त्याने कमरेचा रुमाल सोडला, चौकोनी होता, आणि कोपऱ्यावर कोपरा ठेवून दुमडला. "हा दुसरा. इथं उभी आन् आडवी बाजू सारखी, तिरपी मोठी. पाचाले सात. शिडी लय पसरली का असं होते. मंग वर पोचत नाई, आन् मधात लवते." एवढं सांगून त्याने रुमाल कमरेला बांधला आणि चुन्याची टोपली मागवली.

भिंतीपासून सोळा फुटांवर त्याने चुन्याची रेघ मारली. शिडीच्या पायाला चौदा आणि धरणाऱ्यांना उभं राहायला दोन. त्या रेघेच्या आत कापूस टाकायचा नाही, असं गाडीवानांना बजावलं. पेढीचा मुनीम बाहेर आला.

"नाईक, आजचा भाव मालूम हाये का तुले? एवढी जागा रिकामी ठेवू?"

"आग लागली त बाया कुठून उतरतीन?"

"आग लागन काहून? असं अभद्र बोलतो कायले?"

पुढे रोजची कटकट सुरू झाली. गाडीवान रेघेवर ओतायचे, संपत मागे ओढायला लावायचा. मी त्याला चिडवायचो, की नाईक, तू शिपाई कमी अन् पाटबंधाऱ्यावरचा मुकादम जास्त दिसतोस. तो हसायचा, पण रेघ पुसट झाली की पुन्हा मारायचा. शेवटी मालकाने सुभेदारांकडे तक्रार केली. सुभेदारांनी संपतला बोलावलं. मी दाराशी उभा होतो.

"नाईक, गार्ड किसके लिये है?"

"चोरांसाठी, साहेब."

"तो चोर देखो. जगह मत नापो."

"जी साहेब."

हुकूम म्हणजे हुकूम. संपत परत आला आणि त्या दिवसापासून त्याने रेघ मारली नाही. कापूस भिंतीला टेकला, मग रस्त्याकडे सरकत गेला.

फाल्गुन सरत आला होता. ऊन भाजत होतं. दुपारची गार्ड बदलून आम्ही भाकरी खाल्ली होती, तेवढ्यात आतून धूर निघाला. कुणी चिलमीची ठिणगी म्हणाले, कुणी दिव्याचं म्हणाले. खरं कारण कधीच कळलं नाही. बिगूल झाला. आम्ही डबलने धावत पोचलो तेव्हा जिन्याची वाट पेटलेली होती. तिन्ही बाजूंच्या खिडक्यांतून जाळ बाहेर येत होता. चौथ्या बाजूची भिंत धड होती, आणि तिच्या पायाशी तो ढीग. वर कठड्याशी आठ बाया ओरडत होत्या.

ढीग वरून पांढराशुभ्र दिसत होता. बायांना उडी मारा म्हणून लोक खालून सांगू लागले. एक हमाल शिडीला जागा करायला त्यावर चढला आणि मांडीपर्यंत आत गेला. त्याला ओढून काढला तेव्हा त्याचे पाय भाजलेले होते. कापूस असाच जळतो. वर काही दिसत नाही, आत इंगळ असतो.

संपतने बायांकडे हात केला. "उडी नोका मारू!" मग ढिगाच्या कडेपासून भिंतीपर्यंत एकदा नजर टाकली.

"पाय वीसवर ठेवा लागते," तो मला म्हणाला.

"मंग वरबी वीसच येईन. चार फूट कमी पडते."

"हो." त्याने पायातले जोडे काढले. "मी वर उभा रायतो. भितीशी असलो त माहा भार भित घेते. एका वेळेले एकच बाई उतरव. दोघी आल्या त मधात मोडीन."

"अन् तू?"

"शिडी ओली करा. सुंभ जळू देऊ नोका."

आम्ही सहा जणांनी पाय धरला. संपत वर गेला, शेवटच्या पायऱ्यांवर उभा राहिला, भिंतीला दोन्ही तळवे टेकवले आणि खांदे ताठ केले. कठड्यावरून पहिली एक म्हातारी आली. तिने पाय खाली सोडला आणि वर ओढून घेतला.

"तुह्या खांद्यावर पाय कसा ठेवू, बापू? पाप लागन."

"ठेव, माय. पाप माह्यावर."

ती उतरली. पण उतरताना तिने त्याच्या फेट्याला हात लावला आणि तो आपल्या कपाळाला लावला. आपल्याकडे चुकून कुणाला पाय लागला तर करतो तसं. तिचं पाहून दुसरीनेही केलं, तिसरीनेही. त्याच्या खांद्यावर पाय ठेवायचा, थांबायचं, नमस्कार करायचा, मग पुढची पायरी. प्रत्येकीमागे वेळ जात होता. मी खालून घसा फाटेस्तोवर ओरडलो, "नमस्कार नोका करू, बायाहो! उतरा!" कुणी ऐकलं नाही. आजही एखादी बाई कुणाला असा नमस्कार करताना दिसली की माझ्या अंगावर काटा येतो, आणि रागही येतो. त्या बायांचा राग नाही येत. त्यांनी दुसरं काय करायचं होतं?

बाई मध्यावर आली की शिडी धनुष्यासारखी लवत होती. आम्ही पाणी मारत होतो, पण ढिगाचा आता जाळ झाला होता. आठवी बाई माझ्या हाताशी आली तेव्हा मी वर पाहून ओरडलो, "संपत, ये!"

तो चार पायऱ्या उतरला. मधल्या जोडाचा सुंभ जळून तुटला आणि शिडी दुभंगली. तो ढिगात पडला. लोखंडी आकड्यांनी ओढून आम्ही त्याला बाहेर काढलं. दिवस मावळेपर्यंत त्याचा श्वास चालू होता. त्याला फार यातना झाल्या. याहून जास्त मी सांगू शकत नाही.

चौकशी झाली. कापूस किती जळला हे आधी विचारलं गेलं. सुभेदार मान खाली घालून उभे होते. त्या रात्री ते जेवले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे.

त्याचं सामान घेऊन मी मोर्शीला गेलो. त्याचे वडील मळ्यात वांग्यांना पाणी देत होते. खबर आधीच पोचली होती. त्यांनी मला बांधावर बसवलं आणि पाणी दिलं.

"शिडी व्हती ना तुमच्यापाशी?" त्यांनी विचारलं.

"होती, बाबा. कमी पडली."

"किती?"

"चार फूट."

म्हाताऱ्याला फुटाचा अंदाज नव्हता. मी उठून हात जमिनीपासून चार फुटांवर धरला. माझ्या छातीशी आला. ते उठले, जवळ आले आणि माझ्या हाताकडे पाहत उभे राहिले.

"माहा पोट्टा याच्याहून उंच व्हता," ते म्हणाले.

"हो, बाबा," मी म्हणालो. "उंच होता."