मॅडमला विचारा

आमच्या घरात नवरा-बायकोनं एकमेकांशी थेट बोलायची रीत नाही. 'तिला सांग, पाणी दे.' 'त्यांना विचार, वाढू का.' मध्ये कुणीतरी लागतंच. मी लग्न होऊन अंबडला आले तेव्हा मध्ये सासूबाई होत्या. पुढं मुलगा बोलायला लागल्यावर ते काम त्याच्याकडं आलं. तो पुण्याला गेला तेव्हा जावेची नात हाताशी आली. तीही नसली तर आमचे हे कपाटाकडं बघून बोलतात. खोलीत दोघंच असलो तरी कपाट असतंच.

अंबडच्या बाजारात आमचं बी-बियाण्याचं आणि खतांचं दुकान आहे. आमचं म्हणजे थोरल्या दिरांचं. सगळं घर त्यांना अण्णा म्हणतं. गादीवर अण्णा बसतात आणि आमचे हे समोरच्या स्टुलावर. साठी आली तरी स्टूल सुटलं नाही. गिऱ्हाइकानं भाव विचारला तर हे आधी अण्णांकडं बघतात, मग भाव सांगतात. भाव त्यांना पाठ असतो, तरी बघतात. लोक याला भावाभावांचं प्रेम म्हणतात. मी तीस वर्षं तेच म्हणत आले, कारण मला नोकरी होती. बदनापूरकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवायचे. तिथं मला माझी खुर्ची होती आणि माझं टेबल होतं, त्यामुळं घरात काय चालतं याचं फारसं काही वाटायचं नाही.

निवृत्त झाले आणि दिवसभर जावेच्या स्वयंपाकघरात उभी राहिले, तेव्हा डोळे उघडले. भाजी कोणती करायची, ते जाऊ ठरवते. पंखा किती वेळ लावायचा, ते अण्णा ठरवतात. चहात साखर किती, तेसुद्धा.

जालन्यात माझं दोन खोल्यांचं घर आहे, नोकरीत असताना घेतलेलं. भाडेकरू होता, तो दिवाळीच्या आत घर सोडणार होता. संक्रांतीला मी रीत मोडून ह्यांना थेट म्हणाले, "दिवाळीपासून आपण दोघं तिथं राहू. तुम्ही दुकानाला रोज एसटीनं जा-ये करा. पाऊण तासाचा तर रस्ता आहे."

ह्यांनी मिठाची गुळणी धरली. मी आठवड्यानं परत विचारलं. पुन्हा गुळणी. आणि उन्हाळ्याच्या तोंडी, दुकानात माशाही नसतात त्या दिवसांत, हे एकदम श्रीलंकेची तिकिटं घेऊन आले. मुलाकडून काढून घेतली होती. आठ दिवस, समुद्राच्या कडेनं गाडीतून फिरायचं, शेवटी कोलंबो शहर.

"मंग तिथं गेल्यावर निवांत बोलू ना," हे कपाटाला म्हणाले.

मी भुलले. दुसरा शब्द नाही. ज्या माणसानं कधी मला जालन्याच्या मोतीतलावाकडं फिरायला नेलं नाही, तो परदेशात नेतोय म्हणजे नक्की होच म्हणणार, असं माझ्या मास्तरणीच्या डोक्यानं ठरवलं. जावेनं धपाट्यांची चवड बांधून दिली. तोंडभरून म्हणाली, "जा, फिरून या, जिवाला बरं वाटंल." तिचं हे प्रेम मला तेव्हा खटकायला हवं होतं.

विमानतळावर ड्रायव्हर न्यायला आला. आमच्याच वयाचा, बरीच वर्षं दुबईत काम केलेला, तिथं हिंदी शिकलेला. त्याला पाहून आमच्या ह्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मला वाटलं जुना ओळखीचा आहे की काय. गाडी निघून पाच मिनिटं झाली नाहीत तोच हे पुढच्या सीटवरून त्याला म्हणाले, "उनको पूछो, चाय पीना हाय क्या."

मी मागच्या सीटवर होते. हातभर अंतरावर.

ड्रायव्हर बिचारा आरशातून माझ्याकडं बघत म्हणाला, "मॅडम, सर पूछता है, चाय पीएगा?"

"पिएंगे," मी म्हणाले. तो वळून ह्यांना म्हणाला, "सर, मॅडम पीएगा." हे समाधानानं मान हलवत म्हणाले, "अच्छा, पीएगी. बिलकुल."

आठ दिवस हे असंच चाललं. त्याला वाटलं असेल, इंडियात मोठ्या घरांतून हीच पद्धत असावी. तो इमानदारीनं निरोप पोचवायचा. खिडकी बंद करायची का, उनको पूछो. नारळपाणी घ्यायचं का, उनको पूछो. तिथली शहाळी केशरी रंगाची असतात. मला ती फार आवडली. आमचे हे पहिला घोट घेऊन म्हणाले, आपल्याकडची गोड असतात. आमच्याकडं शहाळं पिकतं कुठं? पण माणूस परदेशात गेला की त्याच्या गावात सगळं पिकायला लागतं.

रस्ता मात्र खरोखर सुंदर होता. एका बाजूला समुद्र, मध्ये रेल्वेचा रूळ, दुसऱ्या बाजूला आम्ही. कुठं कुठं लाट रुळापर्यंत यायची. तीस वर्षं मी पोरांना नकाशावर निळा रंग दाखवून समुद्र शिकवला. आता तो खिडकीला लागून चालला होता आणि मला सारखं हसू येत होतं. पहिल्या किनाऱ्यावर उतरलो तेव्हा मी मनाशी म्हणाले, आता हे बोलणार, एवढं पाणी आपल्या जायकवाडीत असतं तर. मराठवाड्यातला पुरुष समुद्रासमोर दुसरं काही म्हणूच शकत नाही. आणि हे म्हणाले. ड्रायव्हरला म्हणाले. त्याला जायकवाडी कळेना. मग त्याला धरण, पैठण, कपाशी, सगळं समजावण्यात अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात सूर्य बुडला. लोक फोटो काढत होते आणि आमचे हे पाण्याकडं पाठ करून युरियाचा भाव विचारत होते.

मी पाण्यात उतरले. साडी पोटऱ्यांपर्यंत धरली होती, लाटेनं ती गुडघ्यापर्यंत भिजवली. पायाखालची वाळू सरकायची आणि ती परत सरकावी असं वाटायचं. तेवढ्यात ड्रायव्हर विजारीचे पाय दुमडत धावत आला. "मॅडम, सर बोलता है, आगे मत जाओ." मी वळून बघितलं. हे कोरड्या वाळूत उभे होते. माझ्या चपला दोन्ही हातांत, अंगापासून लांब धरलेल्या. हाक मारली असती तर मला ऐकू आली असती. पण हाक मारायची तर काय म्हणून मारायची, हा प्रश्न ह्यांना तीस वर्षांत सुटलेला नाही.

जेवणाचं विचारूच नका. तिथल्या भाजीतसुद्धा सुक्या मासळीचा चुरा असतो हे कळल्यावर ह्यांनी हाटेलातल्या कोऱ्या भातावर शेंगदाण्याची चटणी टाकून दिवस काढले. धपाटे तिसऱ्या दिवशी चामड्यासारखे झाले, तरी हे खात राहिले. मी खोबऱ्याची चटणी आणि तांदळाच्या शेवयांच्या चकत्या खायला लागले तेव्हा मला निरोप आला, "उनको पूछो, पेट को बराबर है क्या." पोट बरोबर होतं. पोटाची चौकशी करायला ह्यांना काही अडत नव्हतं. दिवाळीचं घर तेवढं निघत नव्हतं.

पुढं एका ठिकाणी समुद्रात खांब रोवून त्यांवर कोळी बसतात, ते दाखवायला नेलं. मासे कुणी धरत नव्हतं. टुरिस्टांची गाडी थांबली की चार जण टणाटण खांबावर चढायचे, काठी धरून बसायचे, फोटो झाले की उतरून बक्षिसी मागायचे. आमच्या ह्यांना भारी संताप आला. "काम ना धंदा! दुसऱ्याच्या खांबावर बसायचं अन् खायचं!" मी ह्यांच्याकडं नीट बघून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. दुकानातलं स्टूल त्यांना आठवलंसुद्धा नाही.

रोज संध्याकाळी अण्णांचा फोन यायचा. हे हाटेलाच्या बाहेर, लांब जाऊन बोलायचे. मी एकदा विचारलं काय म्हणतात, तर खिडकीच्या पडद्याला उत्तर मिळालं, "काही न्हाई. पाऊसपाणी."

मार्चमध्ये?

खोटं बोलायला मी हरकत घेत नाही. आमच्या घरात ते रोज लागतं. पण थोडं डोकं लावून बोलावं, एवढी अपेक्षा असते.

पण एकदा मला खरंच वाटलं होतं, आता बोलतात. गॉल नावाचं गाव आहे, तिथल्या किल्ल्याच्या रुंद तटावर आम्ही बसलो होतो. ड्रायव्हर गाडी लावायला गेला होता. मध्ये कुणी नाही, कपाट नाही. ऊन कललं होतं, खाली पोरं उड्या मारत होती. हे माझ्या बाजूला येऊन बसले, चक्क खेटून, आणि घसा साफ केला. मी मनात जालन्याचं घर उघडलं, ओटा पुसला, दोन कप काढले.

"इथं वारं लै हाय," हे समुद्राला म्हणाले.

मग ड्रायव्हर आला आणि ह्यांचा जीव भांड्यात पडला.

शेवटच्या दिवशी कोलंबोत गर्दी होती, उंच इमारती होत्या आणि गाड्यांची रांग हलत नव्हती. ह्यांना भजनं ऐकायची होती म्हणून ड्रायव्हरनं सकाळीच ह्यांचा फोन गाडीच्या स्पीकरला जोडून दिला होता. अभंगाच्या मधेच फोन वाजला. हे खिसे चाचपेपर्यंत ड्रायव्हरनं सवयीनं स्टिअरिंगवरचं बटण दाबलं आणि गाडीच्या चारी दारांतून अण्णा बोलायला लागले.

"काय रे, काय करून राह्यला? काढला का तिनं परत घराचा विषय?"

"अण्णा, मी मंग फोन करतो..."

"आरे ऐक जल्दी. म्या काय म्हणलं व्हतं तुला? बाईमाणसाला चार दिवस फिरवून आणलं की डोक्यातलं आपोआप उतरतं. खर्चा झाला तं झाला. आता आल्यावर तो विषय न्हाई काढायचा. जालन्याच्या घराला नवा भाडेकरू बघितलाय मी. जबान देऊन टाकली त्याला. काय?"

हे एका शब्दात सांगू शकले असते. घर तिचं आहे. तीन शब्द धरा हवं तर. मी मागं बसलेय हे त्यांना माहीत होतं, गाडीच्या काचा बंद होत्या, सगळं ऐकू येत होतं.

"हौ अण्णा," हे म्हणाले. "बराबर."

फोन बंद झाला आणि अभंग आपोआप पुढं सुरू झाला. ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, पण त्यानं हात पुढं करून तो बंद केला.

मला वाटत होतं मी रडेन. रडू आलं नाही, शिसारी आली. ती केशरी शहाळी, तो रुळापर्यंत येणारा समुद्र, तटावरचं ते खेटून बसणं, सगळं अण्णांनी धाडलेलं होतं. लहान पोराला सुई टोचायच्या आधी गोळी देतात तसं. आणि गोळी चघळत मी आठ दिवस उत्तराची वाट बघत होते. उत्तर अंबडहून निघतानाच ह्यांच्या खिशात होतं.

मी ड्रायव्हरला म्हणाले, "भैया, सर को बोलो, दिवाली से मैं अपने घर में रहूंगी. उनको आना है तो अण्णा से पूछ के आ जाना."

तो आरशात माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं गाडी समुद्रासमोरच्या मोठ्या मैदानाच्या कडेला घेतली आणि म्हणाला, "सॉरी मॅडम. ये मैं नहीं बोलेगा. आप बोलो." आणि उतरून लांब जाऊन उभा राहिला.

गाडीत आम्ही दोघंच राहिलो. ह्यांनी समोरच्या काचेकडं बघितलं, आरशाकडं बघितलं, स्टिअरिंगकडं बघितलं. मग सीटवरून पूर्ण वळून माझ्या डोळ्यांत बघितलं. इतक्या वर्षांत माझ्याकडं बघून मला विचारलेला तो पहिला प्रश्न.

"मंग अण्णाला काय सांगू?"

मी दार उघडून उतरले. मैदानात लोक पतंग उडवत होते. अंधार पडेपर्यंत मी तिथं एकटी हिंडले. हे गाडीत बसून होते.

अंबडला आल्यावर अण्णांना मीच सांगितलं, समोर उभी राहून. भाडेकरूला दिलेली जबान तुमची आहे, घर माझं आहे. अण्णांनी जावेला सांगितलं की तिला सांग, आमच्या घरात असं चालत नाही. जावेनं मला सांगितलं. मी म्हटलं, ऐकू आलं.

दिवाळीच्या आधी मी जालन्याला आले. भिंतींना रंग दिला, दाराला नवं कुलूप आणलं. त्याबरोबर दोन किल्ल्या आल्या. त्यांतली एक मी वेगळ्या दोऱ्यात ओवून दाराजवळच्या खिळ्याला अडकवली, ह्यांच्यासाठी. पाडव्याला हे आले, चहा घेतला, साखर कमी आहे असं दाराला म्हणाले आणि पाचच्या एसटीनं गेले. किल्ली खिळ्यालाच होती. मी ती काढली आणि माझ्या जुडग्यात घातली.